डेन्सिटी दोन कमी

गळ्यातलं आयकार्ड जरा उलटं करा आणि स्वतःचा फोटो बघा. जॉइन झालात त्या दिवशी एचआरमधल्या कुणीतरी भिंतीला टेकवून काढलेला ना? डोक्यावर ट्यूबलाइट, डोळ्यांखाली सावल्या आणि चेहऱ्यावर ‘मी काहीच केलेलं नाही, साहेब’ असा भाव. आता मोबाइल उघडून तुमचा प्रोफाइल फोटो बघा. तो तुम्ही पंचवीस सेल्फींमधून निवडलेला, त्यावर फिल्टर मारलेला. या दोघांतले तुम्ही कोण, हे मी विचारणार नाही. पण या दोन फोटोंच्या मधल्या जागेत माझं पोट भरतं, म्हणून सुरुवात तिथून केली.

मी पोर्ट्रेट आणि फॅशन फोटोग्राफी करते. हे सांगितलं की समोरचा आधी ‘वॉव’ म्हणतो आणि मग ‘कोणाकोणाला भेटलीयस?’ विचारतो. खरं सांगायचं तर माझी फॅशन म्हणजे नव्वद टक्के कॅटलॉग. एका दिवसात साठ कुर्ते, तीच भिंत, तीच मुलगी, उजवीकडे बघ, डावीकडे बघ, पाठ दाखव, नेक्स्ट. उरलेल्या दहा टक्क्यांत ग्लॅमर. ते असतं, नाही असं नाही. पण ते बघायला येणाऱ्यांना वाटतं तितकं नसतं.

माझं गाव सोलापूर. नव्या पेठेतल्या एका बोळात अप्पांचा स्टुडिओ होता. बाहेर काचेच्या कपाटात गावातल्या नवरा-नवरींचे फोटो, आत काळा पडदा, दोन हॅलोजन, एक स्टूल आणि भिंतीवर रंगवलेला ताजमहाल. जानेवारीत सिद्धेश्वरांचा गड्डा भरला की हाच ताजमहाल गुंडाळून होम मैदानावर जायचा. तिथे अप्पांचा तात्पुरता स्टॉल लागायचा. मी तिथे पावत्या फाडायचे. नंदीध्वजांची मिरवणूक बघून थकलेली अख्खी कुटुंबं ताजमहालासमोर श्वास रोखून उभी राहायची. कुणी हसायचं नाही. पैसे देऊन हसायचं कशाला, असा तेव्हाचा हिशोब असावा.

पण स्टुडिओचं खरं गिऱ्हाईक म्हणजे स्थळाचे फोटो. आई लेकीला घेऊन यायची आणि अप्पांच्या कानाशी येऊन म्हणायची, “जरा उजळ येऊ द्या हं.” अप्पा मान डोलवायचे. ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात ते निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं काम करायचे. डोळ्यांखालचे खड्डे, गालावरचे डाग, सगळं टोकदार पेन्सिलीनं हलक्या हातानं भरून काढायचं. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथे कागदावर पांढरं येतं. म्हणजे फोटोशॉप आलं १९९० साली, पण त्याचा फंडा आमच्या बोळात कधीपासूनचा होता. कलर आल्यावर पेन्सिल गेली. मग रोल कलर लॅबला जायचा आणि सोबत चिठ्ठी: ‘डेन्सिटी दोन कमी’. लॅबच्या मशीनवर तशी बटणं असायची. डेन्सिटी कमी केली की प्रिंट फिकट यायची आणि पोरगी गोरी.

काही मुली येताना मासिकातलं कात्रण आणायच्या. ‘असा काढा.’ कात्रणावर माधुरी नाहीतर काजोल आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव: गौतम राजाध्यक्ष. हे नाव मी पहिल्यांदा असं वाचलं, दुसऱ्याच्या कात्रणावर. ‘चंदेरी’ या मराठी सिनेमासिकाचे ते संपादकही होते, हे नंतर कळलं. रद्दीवाल्याकडून मी त्यांचे फोटो असलेले जुने अंक किलोवर आणायचे आणि स्टुलावर बसून एकच गोष्ट शोधायचे, की उजेड कुठून आलाय. एक सोपी युक्ती सांगते. फोटोतल्या माणसाच्या बुबुळात बघा. तिथे दिव्याचं छोटं प्रतिबिंब पडलेलं असतं. ते वर आहे की बाजूला, मोठं आहे की बारीक, यावरून अख्ख्या लायटिंगचा नकाशा काढता येतो. मी वहीत तसे नकाशे काढायचे. बी.कॉम.च्या अकाउंट्सच्या वहीत, मागच्या पानापासून.

राजाध्यक्षांचा रस्ता तुम्हा ऑफिसवाल्यांना मुद्दाम सांगण्यासारखा आहे. जन्म १९५०चा, मुंबईचा. शिक्षण झेव्हियर्समध्ये, तेही केमिस्ट्रीचं. १९७४ साली लिंटास या जाहिरात कंपनीत नोकरी लागली आणि पुढे तिथल्या फोटो विभागाची जबाबदारी आली. फोटो काढायचे ते घरच्यांचे, मित्रमंडळींचे. फोटोग्राफीची पदवीबिदवी काही नाही. १९८०च्या सुमाराला शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ अशी मंडळी त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आली. तरी नोकरी सोडली थेट १९८७ मध्ये. तेरा वर्षं! वय छत्तीस-सदतीस. ‘आता उशीर झाला’ असं आपण ज्या वयात एकमेकांना कॉफीवर सांगतो, तेच ते वय. त्यानंतर फिल्मी मासिकांची कव्हरं, जाहिराती, १९९२ मध्ये काजोलच्या पहिल्या ‘बेखुदी’चं लेखन, १९९७ मध्ये ‘फेसेस’ हे पुस्तक. २०११च्या सप्टेंबरमध्ये, एकसष्टावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना ते गेले.

हां, आता कुणी म्हणेल की त्यांना ओळखी होत्या. होत्याच. शोभा डे त्यांच्या नात्यातल्या. आमच्या नात्यात होते ते सगळे चादरीच्या कारखान्यात. पण मला त्या वयात त्यांच्या ओळखींचा हेवा वाटायचा नाही, उजेडाचा वाटायचा. इतका मऊ उजेड सोलापुरात नसतोच. आमच्याकडे मार्चपासून ऊन कपाळावर हातोडीसारखं पडतं.

२००२ मध्ये माझाही स्थळाचा फोटो निघाला. अप्पांनीच काढला, आईच्या पैठणीत. मी सावळी. सावळी म्हणजे आपण लाडानं म्हणतो तशी नव्हे, चांगली काळीच. प्रिंट आली तेव्हा मी ती दोनदा बघितली. बाई सुंदर होती, पण ओळखीची नव्हती. अप्पांनी चिठ्ठी पाठवली होती. स्वतःच्या मुलीसाठीही तीच चिठ्ठी.

तो फोटो बघून लातूरहून मंडळी आली. पोहे खाल्ले. मुलाच्या आईनं माझ्याकडे, मग फोटोकडे, मग परत माझ्याकडे बघितलं आणि उठताना आईला म्हणाली, “फोटोत जरा वेगळी वाटली होती.” एवढंच. आवाज न चढवता. मला त्या मुलाचं नाव आठवत नाही, चेहरा आठवत नाही, पण दारात चपला घालताना त्या बाईंनी फोटो पाकिटात परत घातला आणि पाकीट शोकेसवर ठेवलं, ते आठवतं.

पुढच्या वर्षी मी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला आले. बॅगेत शेंगा चटणी, कडक भाकरी आणि सेकंडहँड निकॉन. अप्पांशी भांडून नाही आले. भांडले असते तर बरं झालं असतं. आम्ही दोघं नुसते गप्प होतो.

पुण्यातली पहिली तीन वर्षं मी एका फोटोग्राफरकडे असिस्टंट होते. असिस्टंट म्हणजे काय? स्टँड उचलणे, वायरी गुंडाळणे, मॉडेलला पाणी देणे आणि साहेब चिडले की आपणच चुकलो असं मानणे. ग्लॅमरच्या क्षेत्रात जायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी पहिले सहा महिने वायरी गुंडाळायला लावीन. पण शिकायला मिळालं ते तिथेच. नवोदित मॉडेल आणि नवा मेकअपवाला यांना गाठून रविवारी फुकट टेस्ट शूट करायचे. तिघांनाही पोर्टफोलिओ हवा असायचा, त्यामुळे कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. वडापावचे पैसे मात्र कायम मी दिले.

तिथेच मला कॅमेऱ्याचा एक जातिवंत दोष कळला. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं जग मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. समोर भरपूर पांढरं आलं की ते घाबरतं आणि उजेड कमी करतं. म्हणजे सावळ्या माणसाला पांढरा शर्ट घालून उभं करा, शर्ट ठीक येतो आणि चेहरा बुडतो. दोष चेहऱ्याचा नसतो, मोजणाऱ्याचा असतो. आणि हे फक्त मीटरचंच नाही. रंग जुळवायला कोडॅक लॅबना जी नमुन्याची कार्डं पाठवायचं, त्यावर अनेक वर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा असायचा. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. ती शर्ली नीट दिसली की मशीन बरोबर. नव्या पेठेतल्या पोरींचा हिशोब त्यात कुठे बसणार?

उपाय साधा आहे. चेहऱ्यावरून एक्स्पोजर मोजायचं, शर्टवरून नाही. थर्माकोलचा पांढरा शीट गालाजवळ धरायचा आणि उजेड बाजूनं, मोठ्या खिडकीतून घ्यायचा. सावळ्या कातडीवर उजेड जसा चमकून घसरतो ना, तसा तो गोऱ्या कातडीवर घसरत नाही. हे मला कळलं त्या दिवशी मी मनातल्या मनात अप्पांशी भांडले आणि जिंकलेही. मी माझ्या कामात ‘डेन्सिटी दोन कमी’ कधी करणार नाही, असं मी तेव्हा मित्रमैत्रिणींना सांगत सुटले होते. बीअर असली की जरा जास्तच.

आता त्या फुशारकीचं काय झालं ते सांगते.

२०१६ची दिवाळी. अप्पांच्या ओळखीच्या एका युनिफॉर्मवाल्याचा फोन आला. सोलापूर म्हटलं की तुम्हाला चादर आठवते, पण शाळेचे गणवेश शिवणारे शेकडो कारखाने आणि घरगुती युनिट तिथे आहेत. २०१७च्या जानेवारीत गावात युनिफॉर्मचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, त्याआधी यांना कॅटलॉग हवा होता. बजेट यथातथाच. मुंबईची बालमॉडेल्स परवडणार नाहीत, म्हणून शिवणाऱ्या बायकांचीच मुलं उभी करायची ठरली. मला तर ही आयडिया जाम आवडली.

त्यात एक सातवीतली मुलगी होती. आई युनिटमध्ये काजं-बटणं करायची, आजी विड्या वळायची. घर कुंभारीच्या विडी घरकुलात. मुलगी काळीसावळी, कपाळ मोठं, डोळे स्थिर. पहिल्या क्लिकला मला कळलं, हिच्याकडे ते आहे. मोठमोठ्या मॉडेलना जे शिकवावं लागतं, ते हिला येत होतं. कॅमेऱ्याकडे बघायचं, पण त्याला काही मागायचं नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत थर्माकोल धरून मी तिचे वीस-बावीस फ्रेम घेतले. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, लाल टाय. गेल्या कित्येक वर्षांत मी इतकं सुंदर काही काढलं नव्हतं.

संध्याकाळी लॅपटॉपवर मालकांनी बघितलं. माणूस भला होता, मुलांना प्रत्येकी दोन ड्रेस आणि खाऊ दिला होता. म्हणाले, “मॅडम, फर्स्ट क्लास. फक्त हिला जरा ब्राइट करा. कव्हरला घेऊ.” मी म्हटलं, ब्राइटच आहे. ते म्हणाले, “तसं नाही ओ. कळतंय ना तुम्हाला.” कळत होतं. मी दोन मिनिटं वाद घातला. मग मला वाटलं, नाही केलं तर कव्हरवरून ही जाईल आणि कारखान्याच्या अकाउंटंटची गोरी पोरगी येईल. केलं तर निदान ही तिथे असेल. ही सबब मी तेव्हा स्वतःला दिली. दुसरी सबब अशी की रात्रीची गाडी पकडायची होती.

कामाला पंचेचाळीस सेकंद लागले असतील. चेहऱ्यापुरतं सिलेक्शन, कर्व्ह वर, लाल थोडा जास्त, कातडी मऊ. चिठ्ठीसुद्धा लिहावी लागली नाही.

प्रदर्शनानंतर गड्ड्यासाठी घरी आले होते. मुलांसाठी म्हणून मालकांनी दिलेले कॅटलॉग वाटायला मी स्वतः गेले. खरं तर कौतुक ऐकायला गेले. विडी घरकुलातलं ते घर एका खोलीचं. आजी दारात मांडीवर सूप घेऊन बसलेली, हात चालूच. मी कव्हर तिच्यापुढे धरलं. तिनं हात पुसले, कॅटलॉग लांब धरून बघितला आणि विचारलं, “कुणाची पोरगी ही?”

“तुमचीच की, आज्जी.”

आजी हसली. मला वाटलं चेष्टा करतेय. मग तिनं परत बघितलं, नातीकडे बघितलं आणि तोंड बंद केलं. मुलगी दाराच्या आत उभी होती. तिची आई हळू आवाजात म्हणाली की प्रदर्शनातून एक प्रत आधीच गल्लीत आली होती. पोरीनं सगळ्यांना सांगितलं होतं, कव्हरवर मी आहे. मैत्रिणी म्हणाल्या, खोटं बोलते. शाळेत बाई म्हणाल्या, असं दुसऱ्याचं आपलं म्हणून सांगू नये.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तशीच, काही न मागता.

मी काय बोलले आठवत नाही. ‘मोठा करून आणते’ असं काहीतरी. रिक्षात बसल्यावर मला लातूरच्या त्या बाईंचं पाकीट आठवलं.

रात्री अप्पांना सगळं सांगितलं. स्टुडिओ बंद होऊन तोवर चार वर्षं झाली होती. ताजमहाल माळ्यावर होता. मला वाटलं, ते म्हणतील गिऱ्हाईकाला हवं ते द्यावं लागतं. तसं म्हणालेही. मग बऱ्याच वेळानं उठले, लोखंडी कपाटातून जुन्या फायली काढल्या आणि एक पारदर्शक पट्टी माझ्यापुढे ठेवली. २००२. पैठणी.

“लॅबला चिठ्ठी दिली, ती फक्त प्रिंटसाठी,” ते म्हणाले. “निगेटिव्हला हात नाही लावला मी.”

मी ती पट्टी खोलीतल्या दिव्यासमोर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते फिकट, फिकट ते काळं. त्यामुळे तिथेही मी गोरीच दिसत होते. आम्ही दोघंही हसलो. पण दुसऱ्या दिवशी ती स्कॅन करून घेतली, डेन्सिटीला हात न लावता. बावीस वर्षांची एक काळी मुलगी, पैठणीत, बापाकडे बघतेय आणि त्याच्यावर तिचा पूर्ण विश्वास आहे. लायटिंग उत्तम होतं. अप्पांना खिडकीचा उजेड येत होता, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी त्यांना तो राजाध्यक्षांकडून शिकवणार होते!

मी त्यांना माफ केलं का? अर्धंमुर्धं. त्यांनी माझा मूळ चेहरा जपून ठेवला हे खरं, आणि जगाला दाखवला नाही हेही खरं. मला राजाध्यक्षांचे फोटो आजही आवडतात. सगळे त्यांच्या फोटोत होते त्याहून देखणे दिसायचे, आणि ते त्यांनी कधी लपवलं असं मला वाटत नाही. पण रेखा त्यात रेखाच राहायची. लता मंगेशकर लता मंगेशकरच. आजीनं ‘कुणाची पोरगी’ विचारावं, असं तिथे होत नव्हतं. उजेडानं सजवणं वेगळं आणि पुसून दुसरं काढणं वेगळं. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’नं नावातला ‘फेअर’ काढला तेव्हा ऑफिसग्रुपांवर केवढी चर्चा झाली होती. माझ्या मेलमध्ये मात्र ‘थोडं ब्राइट’ तेव्हाही येत होतं, आजही येतं. आता मी दोन व्हर्जन पाठवते आणि आधी मूळ. काही क्लायंट गेले. बरेचसे राहिले, कारण बहुतेकांना फरकच कळत नाही.

त्या मुलीची मूळ फाइल माझ्याकडे होतीच. सातरस्त्याजवळच्या लॅबमधून बारा बाय अठराची प्रिंट काढली, मशीनवरच्या पोराला शेजारी उभं राहून सांगितलं की कशालाही हात लावू नकोस. त्यानं दोनदा विचारलं, “मॅडम, नक्की? डार्क येईल.” म्हटलं, येऊ दे.

आजीनं ती प्रिंट दारातल्या उजेडात धरली. या वेळी विचारलं नाही. नातीला हाक मारली, फोटो तिच्या तोंडाशेजारी धरला, मान हलवली आणि फोटो कपाटावर, रेशनकार्डाच्या डब्याला टेकवून ठेवला. मग सूप मांडीवर ओढून घेत म्हणाली, “पासपोर्ट साइजचे पण देतीस का दोन? शाळेत मागायलेत.”

एका शीटवर आठ बसतात. आठही दिले.